काकूंनी वरणाला नाव ठेवलं नाही

अहो वहिनी, जरा अशा तारेजवळ या. मोठ्यानं नाही बोलायचं. ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या काकू काल रात्रीपासून खोकताहेत, आणि सुनेनं सकाळी सकाळी कपाटातून ते बोटाला लावून प्राणवायू मोजायचं मशीन काढलं. इतकी वर्षं साड्यांच्या घडीखाली पडलेलं! सेल गंजलेले. मग टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून त्यात घातले, काकांच्या बातम्या बुडाल्या, ते वेगळेच धुमसत बसलेत ओसरीवर.

तुम्ही म्हणाल, खोकल्याचं एवढं काय? अहो, पण त्या घरात खोकला म्हणजे... तुम्ही तेव्हा पुण्याला होतात नाही का! नाहीतर 2021 च्या एप्रिलात काय झालं ते अख्ख्या उमापूरला तोंडपाठ आहे.

काकूंचं तोंड तुम्हाला माहीतच आहे. सुनेच्या हाताला चव नाही, हे लग्नापासून दोन्ही वेळा, न चुकता. पिठलं पातळ, भाकरी जाड, ठेच्यात लसूण कमी. आणि त्या दिवशी काय झालं, सून वरणाला फोडणी टाकताना फोन आला म्हणून बाहेर गेली, लसूण काळाठिक्कर. इथं अंगणात मला ठसका लागला, वहिनी! आणि काकू चुलीपासून तीन हातांवर तांदूळ निवडत बसलेल्या. हूं नाही की चूं नाही. जेवायला बसल्या, ते करपलेलं वरण गपगुमान भुरकलं, हात धुतला, उठल्या.

सून इथंच आली, याच तारेजवळ. ‘ताई, आई काहीच बोलल्या नाहीत हो.’ मी म्हटलं, बरं झालं की गं, सुटलीस एक दिवस. तर डोळे पाण्यानं भरले पोरीचे. ‘तसं नाही. त्यांना वास आला नाही.’

बघा, हुशार की नाही? सरकारनं वास-चव जाण्याचं लक्षण कोरोनाच्या यादीत घातलं 2020 च्या जूनमध्ये; त्याआधी आपलं ताप, कोरडा खोकला, दम एवढंच चाललेलं. पण यादी कोण वाचतंय घरात? सासूचं तोंड वाचणारी सून पाहिजे.

तर काय सांगत होते... हां, काकू. संध्याकाळी कणकण सुरू. विचारलं तर ‘ऊन लागलंय, कांद्याला गेले होते ना.’ दोन दिवसांनी अंगदुखी, जुलाब. ‘काल रसाळी झाली, बाधली असंल.’ अहो, त्या महिन्यात गावात कोरोना कुणालाच नव्हता! निम्म्यांना ऊन लागलेलं, उरलेल्यांना टायफाईड. हसू नका, तुमच्या दीरांनाही टायफाईडच झाला होता.

लपवत का होते म्हणता? आदल्या वर्षी ऊसतोडीवरून आपलीच माणसं परत आली, तेव्हा त्यांना शाळेत नाहीतर शेतात ठेवलेलं, डबा लांबून ठेवायचा आणि मागं सरकायचं. तेव्हा लांब सरकणाऱ्यांत काकू सगळ्यांत पुढं होत्या बरं का. आता आपल्या दारापासून लोक सरकणार, ते कसं सोसायचं? आणि त्यात अंबाजोगाईची ती बातमी आली, एका रुग्णवाहिकेत 22 प्रेतं. कोण म्हणेल हो, मला तपासायला न्या म्हणून?

मग सुनेनं काय केलं, कुणाला न सांगता आशाताईला बोलावलं. ती आली बोटाचं मशीन घेऊन. काकूंनी हात पदराखाली! ‘मला धडधाकट बाईला कशाला?’ शेवटी काकांनी दरडावलं तेव्हा हात बाहेर आला, आणि वहिनी... नखांना गुलाबी नेलपॉलिश! अडुसष्टाव्या वर्षी! पुतणीच्या लग्नात पोरींनी लावून दिलेलं म्हणे. सुनेला नखं रंगवली म्हणून आठ दिवस बोलणारी बाई. काकूंचा चेहरा असा पडला की कोरोना परवडला. आशाताई मात्र शांत. म्हणाली, रंगानं आकडा चुकतो, पुसा आधी. घरात ते काढायचं काही नाही, मग चमच्याच्या टोकानं एक नख खरवडलं. पाच मिनिटं स्वस्थ बसवलं, हात चोळून गरम केला, मग लावलं. 95.

काकू जिंकल्यागत सगळ्यांकडं बघायला लागल्या. आशाताई म्हणाली, आता ओसरीवर चाला. तरण्यांना सहा मिनिटं, साठीच्या पुढं तीन. काकूंनी पदर खोचला आणि अशा तरातरा चालल्या, की सून मागं राहिली. पुन्हा लावलं. 91.

कुणी काही बोलेना. चालल्यावर 93 च्या खाली गेलं, नाहीतर आधीपेक्षा तीनाहून जास्त उतरलं, की थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. हे तेव्हा सगळीकडं सांगत होते. पण काकूंना तर दमच लागलेला नव्हता! तोच तर लबाडपणा त्या रोगाचा. प्राणवायू खाली जातोय आणि माणूस गप्पा मारतंय. काका खाटेवर बसले ते बसलेच.

त्यांनीच आधी काकूंची अँटिजेन करून आणलेली, निगेटिव्ह. तेवढ्यावर घर निर्धास्त. डॉक्टर म्हणाले, लक्षणं असताना त्या निगेटिव्हवर जाऊ नका, आरटीपीसीआर करा. आली पॉझिटिव्ह. टेस्टवरून आठवलं, आपल्या देशातलं पहिलं किट पुण्याच्या मायलॅबनं केलं ना, ते बनवणाऱ्या मिनल दाखवे-भोसले तेव्हा नऊ महिन्यांच्या पोटुशी! किट तपासायला दिलं आणि दुसऱ्या दिवशी बाळंत, मुलगी झाली. आणि आपल्याकडं बाईला सातव्या महिन्यानंतर घागर उचलू देत नाहीत... पुढं घरच्या घरी नाकातलं तपासायचं किटही त्यांच्याच कंपनीचं, अडीचशे रुपयांना. पण ते मे महिन्यात, तोवर काकूंचं उरकलं होतं.

म्हणजे तसं नाही हो! बऱ्या झाल्या म्हणतेय मी.

108 ला फोन लागेपर्यंत, खाट मिळेपर्यंत अर्धा दिवस गेला. तेवढ्या वेळात सुनेनं त्यांना पालथं झोपवलं. मानेखाली एक उशी, छातीपासून मांडीपर्यंत दोन, पायाखाली एक. पोटावर झोपलं की फुप्फुसाचा मागचा भाग मोकळा होतो, श्वास बरा भरतो. जेवल्यावर लगेच नाही झोपायचं तसं. ‘मी काय पालीसारखी पडू?’ असं काकू म्हणाल्या, आणि पडल्या. 91 चे 94 झाले. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी सुनेकडं बघितलं. म्हणजे नीट, माणसाकडं बघतात तसं.

मागच्या गल्लीतल्या मास्तरांचं माहितीय ना? मोबाईलवर कुणाची तरी चिठ्ठी आली, ती बघून ताप आल्या दिवसापासून स्टेरॉईडच्या गोळ्या. प्राणवायू ठीक असताना ते घ्यायचंच नसतं. साखर गेली चारशेवर. आणि त्यांच्या बाईनं वाफ घेताना पातेलं मांडीवर... जाऊ द्या, तिचं नको.

काकू अकरा दिवसांनी आल्या घरी. मागच्या खोलीत आणखी आठवडाभर वेगळं ताट, खिडक्या सताड उघड्या. आठव्या दिवशी आतून ओरडल्या, ‘आज भाजीत मीठ कोण टाकलंय, का टाकलंच नाही?’ सून म्हणे ओट्याला टेकून रडली.

आज? आज 98 आलंय, तापही नाही. सून मात्र संध्याकाळी पुन्हा लावणार म्हणते, तोवर रिमोट तसाच... अगं बाई! माझं दूध ठेवलं होतं चुलीवर. करपल्याचा वास सुटलाय बघा केवढा.

काय म्हणता वहिनी? तुम्हाला नाही येत?