किमान दराचा गुडघा

कर्जतमध्ये कुणाचा गुडघा कुरकुरायला लागला, की त्यानं आधी कुणाकडे जायचं याबद्दल गावात दुमत नाही. डॉक्टरांचा नंबर दुसरा, पहिला तात्यांचा. तात्या हाडांचे डॉक्टर नाहीत, कंपाउंडरही कधी नव्हते. पंचायत समितीत भांडार लिपिक होते. पण नगर, बारामती आणि पुणे या तिन्ही दिशांना गुडघा बदलायला कोण किती घेतं, जनरल वॉर्डात किती, स्वतंत्र खोलीत किती, एकच बदलला तर किती आणि जोडीनं बदलले तर किती सोडतात, हे सगळं त्यांना तोंडपाठ. स्वतःचे दोन्ही गुडघे मात्र अजून आईबापांनी दिलेलेच. तेही असे, की तात्या उभे राहिले तर मधून कोंबडी पिल्लांसकट निघून जाईल.

कूर्चा पार झिजलेली आहे, हाडावर हाड घासतंय, हे उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये कुणालाही दिसतं. डॉक्टरांनी 'चौथी ग्रेड' सांगितली, तेव्हा तात्यांचा पहिला प्रश्न होता, "पाचवी कधी लागते?" पाचवी नसते म्हटल्यावर ते हिरमुसले. नोकरीत ग्रेड वाढली की पगार वाढायचा. इथं ग्रेड वाढून खर्च वाढतो, हे त्यांच्या सेवानियमात बसेना.

सगळ्याचं मूळ या नोकरीतच आहे. खडू असो, फिनेल असो की सभागृहाच्या सतरंज्या. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, किमान दर, मग आदेश, हा क्रम तात्यांनी तीस-पस्तीस वर्षं मोडला नाही. लेखापरीक्षणात त्यांच्यावर एकही आक्षेप नाही, हे ते आजही लग्नपत्रिका वाटायला आलेल्या माणसाला सांगतात. मुलीच्या लग्नात तीन मांडववाल्यांकडून बंद पाकिटात दर मागवले होते. मग गुडघा काय बिनकोटेशनाचा घ्यायचा?

त्यासाठी लांब सरकारी रजिस्टर घातलं गेलं. रकाने पाच: अनुक्रमांक, दवाखाना, दर, दरात काय धरलंय, शेरा. वाचनीय भाग शेऱ्याचा. 'डॉक्टर घाईत.' 'काउंटरवरची मुलगी चांगली, पण कमी करत नाही.' 'ऑपरेशन झालेल्यांनाही लिफ्टनेच नेतात. संशयास्पद.'

वही भरायला सुरुवातीला थोडा वेळ लागला, कारण प्रत्येक चौकशीला एसटीचं तिकीट पडायचं. पण तात्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली आणि सरकारनं ऑगस्ट २०२२ मध्ये पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट केली. त्या दिवसापासून चौकशीचा खर्च शून्यावर आला आणि चौकशीला अंत उरला नाही. गुडघे दुखतात म्हणून जो माणूस देवळाची पायरी चढत नाही, तो लाल डब्याच्या तीन पायऱ्या चढून सकाळी नगरला जातो, संध्याकाळी परततो आणि वर म्हणतो, "आज फक्त एकच झाला. दुसऱ्याचा डॉक्टर ओटीत होता."

काउंटरवरचे तात्या प्रत्यक्ष बघण्यासारखे.

"पॅकेज किती?"

"दोन लाख दहा."

"वाटी धरून का वाटी सोडून?"

मुलगी गोंधळते. गुडघ्याच्या वाटीला आतून प्लास्टिकची चकती बसवायची की नाही, हे सर्जन ठरवतो. काही जण बसवतात, काही वाटी आहे तशीच ठेवतात. हे तिला माहीत नसतं, तात्यांना असतं. मग पुढचे प्रश्न एका दमात: रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, टू-डी इको आत की बाहेर? भूलतज्ज्ञ आत की बाहेर? आयसीयूत ठेवावं लागलं तर मीटर वेगळं का? फिजिओथेरपी किती दिवस? वॉकर देता का आणायचा? शेवटी, "दोन्ही एकदम केले तर दुसऱ्याला काय सोडाल?" मुलगी म्हणते, "आजोबा, ते सरांना विचारावं लागेल." तात्या शेऱ्यात लिहितात, 'अधिकार प्रदान केलेले नाहीत.'

रोबोटचा दर ऐकला त्या दिवशी तात्यांचं जेवण झालं नाही. "मशीन आलं की मजुरी वाचते. इथं मशीन आलं की वाढते? मग माणूसच बरा." रोबोट स्वतः काही कापत सुटत नाही, हाडाचं माप अचूक घ्यायला आणि काप नेमका बसवायला सर्जनच तो वापरतो, असं डॉक्टरांनी समजावलं. तात्या म्हणाले, "म्हणजे माणूस पण लागतोच. दोघांची हजेरी माझ्याकडून."

पाकिटात एक कात्रण असतं, लॅमिनेट केलेलं. १६ ऑगस्ट २०१७ ला राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणानं गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किमती बांधून दिल्या, त्याची बातमी. सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, ज्याची छापील किंमत तोवर सरासरी १,५८,३२४ रुपये होती, तो ५४,७२० रुपयांवर आला; जीएसटी वेगळा. हे दोन आकडे तात्या जावळाच्या कार्यक्रमातही म्हणून दाखवतात. त्यांचा सवाल एकच: सांध्यात लाखभर कमी झाले, तर पॅकेजमधले लाखभर कुठं गेले? उत्तर तसं सोपं आहे. दिल्लीनं किंमत बांधली ती धातूची आणि प्लास्टिकची; सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, खोली यांचे दर ज्याचे त्याच्यापाशी राहिले. म्हणूनच खाजगीत एका गुडघ्याला कुठं दीड लाख, तर कुठं चार लाखांच्या वर लागतात आणि आतला सांधा दोन्हीकडे एकाच कंपनीचा निघू शकतो. तात्यांनी याचा निष्कर्ष एका ओळीत काढलाय: "लोखंड स्वस्त झालं, लोहार महाग झाला."

कंपनीचीही चौकशी झाली. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेतींनी 'इंडस' नावाचा देशी गुडघा तयार केला, हे कळल्यावर तात्या आठवडाभर स्वदेशीवर बोलत होते. मग कुणीतरी विदेशी कंपनीचं माहितीपत्रक दिलं. मग टिकाऊपणाचा मुद्दा निघाला. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हिशेब आला होता, की बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी ८२ पंचवीस वर्षं टिकतात. नातवानं हे वाचून दाखवलं. तात्यांनी बोटांवर वर्षं मोजली आणि म्हणाले, "म्हणजे शंभरी ओलांडेपर्यंत. मी आधीच गेलो, तर उरलेल्या वर्षांचे परत देतात का?"

नातवाचं योगदान एवढ्यावर थांबलं नाही. त्यानं मोबाईलवर 'कर्जत गुडघा ऑपरेशन' असं शोधून एक नंबर लावून दिला. पलीकडचा माणूस फारच गोड बोलत होता. दरही बरा वाटला. तात्या खुशीत. शेवटी तो म्हणाला, "काका, लोकलनं आलात तर स्टेशनला उतरून रिक्षा करा." तात्यांनी फोनवर हात ठेवून नातवाला विचारलं, "आपल्याकडं स्टेशन कधी झालं?" ते रायगडचं कर्जत होतं. तरी नोंद वहीत राहिली. शेरा: 'गाव तेच, जिल्हा चुकीचा.'

एकदा आरोग्यमित्राकडेही जाऊन झालं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा काउंटर त्यांनी शोधला, रेशनकार्ड, आधार पुढं ठेवलं. पोरगा म्हणाला, "कागदपत्रं बसली, मंजुरी आली, तर तुम्हाला एक रुपया लागणार नाही." तात्या सुन्न होऊन बाहेर आले. फुकट म्हटल्यावर तुलना कशाशी करायची? शून्याच्या खाली किमान दर कसा काढायचा? त्या रात्री रजिस्टरमध्ये फक्त एक प्रश्नचिन्ह पडलं.

तात्यांच्या वहीचा फायदा झाला तो इतरांना. मिरजगावचे मास्तर, राशीनचे किराणावाले, शेजारच्या आळीतल्या आजी, सगळे वही चाळून गेले आणि गुडघे बदलून आले. तात्यांचा सल्ला असतोही खणखणीत. पॅकेज तोंडी घ्यायचं नाही, कागदावर घ्यायचं. काय धरलंय त्यापेक्षा काय धरलं नाही ते लिहून मागायचं. सांध्याची किंमत बिलात वेगळी दाखवायला लावायची, कंपनीचं नाव आणि बॅच नंबरचं स्टिकर फाइलला आहे का ते बघायचं. खोलीचा वर्ग वाढला की नुसतं भाडं नाही, बऱ्याच ठिकाणी सगळंच वाढतं, म्हणून खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याला भुलायचं नाही. साखर आटोक्यात आणूनच जायचं, नाहीतर भरती होऊन परत यावं लागतं. आणि फिजिओथेरपीत काटकसर करायची नाही, कारण गुडघा डॉक्टर बसवतो, पण वाकवायचा आपल्यालाच असतो. हे सगळं ऐकून माणूस धीरानं उठतो आणि विचारतो, "तात्या, तुमचं कधी?"

तात्यांकडे त्यालाही तारीख असते. गोदड महाराजांचा रथ होऊ दे. कामिका एकादशीला रथ निघाला की मग बघू. रथ होतो, तर गणपती येतात. सिद्धटेकला जायला हवं, अख्ख्या टेकडीला प्रदक्षिणा घालायची तर स्वतःचेच गुडघे बरे. मग राशीनच्या देवीचं नवरात्र. मग थंडी, थंडीत जखम ठणकते. मग उन्हाळा, उन्हाळ्यात पट्टी घामेजते. एकदा तर दिवससुद्धा ठरला होता. बॅग भरली, चिरंजीव रजा टाकून आले आणि आदल्या दिवशी तात्यांना कळलं, की वॉकर पॅकेजमध्ये नाही. "तत्त्वाचा प्रश्न आहे," म्हणून ते घरी बसले. चिरंजीवांनी वॉकर आपल्या पैशानं आणला, तर म्हणाले, "बिनकोटेशनाचा कसा आणलास?"

पैसा नाही असं नाही. पेन्शन आहे, मुलगा कमावता आहे. खरी गोष्ट अशी, की सुरीला भितो असं कबूल करणाऱ्या माणसाला गाव हसतं आणि दर काढणाऱ्याला गाव चोखंदळ म्हणतं. भीती लपवायला तुलनात्मक तक्त्याइतकी प्रशस्त जागा नाही. चौथा दवाखाना बघायचा राहिलाय, तोवर पहिल्या तीन दवाखान्यांतला कुणीही तुमच्या गुडघ्याला हात लावू शकत नाही.

या सगळ्यात आणखी दोन गुडघे घरात होते. ते काकूंचे. तात्यांपेक्षा जास्त झिजलेले, पण त्यांचं कोटेशन कुणी मागवलं नव्हतं. काकू भिंतीला हात लावत चहा आणायच्या आणि तात्या त्या चहावर आलेल्या माणसाला टायटेनियम समजावून सांगायचे. दिवाळीला मुलगी आली. तिनं आईचं चालणं पाहिलं, दोन फोन केले आणि भाऊबीज झाल्यावर आईला घेऊन गेली.

काकूंनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला म्हणे: "पंगतीला खाली बसता येईल का?" डॉक्टर म्हणाले, "नाही, आता मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. खुर्ची, कॉट आणि कमोड." काकू म्हणाल्या, "बरं झालं. जन्मभर खालीच बसले." दुसऱ्या दिवशी त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या. दोन महिन्यांनी घरी आल्या त्या सरळ पायांनी, रिक्षातून कुणाचा हात न धरता उतरल्या. गल्ली बघायला लोटली. तात्यांनी घाईनं रजिस्टर काढलं, पेनचं टोपण दातांनी उघडलं.

"अगं, कितीला पडला?"

"चांगला झाला," काकू म्हणाल्या.

"ते दिसतंय. दर काय लावला?"

"डॉक्टर फार सज्जन."

"पॅकेज होतं का सुटं?"

"अहो, चहा घेणार का?" म्हणून काकू आत गेल्या. चालत. भिंत सोडून.

तेव्हापासून तात्यांनी सगळे मार्ग चोखाळले आहेत. मुलीला फोन केला, ती म्हणते आईला विचारा. जावयाला विचारलं, तो म्हणतो तिनं सांगू नको सांगितलंय. फाइल शोधली, तर ती काकूंच्या कपाटात आणि किल्ली कमरेला. तालुक्यातल्या प्रत्येक नव्या गुडघ्याचा दर ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याच घरातल्या दोन गुडघ्यांपुढचा रकाना कोरा आहे आणि तो भरल्याशिवाय तक्ता पूर्ण होत नाही, म्हणून तात्यांचं ऑपरेशन तूर्त पुन्हा लांबलं आहे. परवा त्यांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायलाही घेतला होता. दहा रुपयांचं तिकीट चिकटवलं, 'प्रति' लिहिलं, आणि मग लक्षात आलं, की २००५ चा हा कायदा फक्त सार्वजनिक प्राधिकरणांना लागू आहे. आणि तसा तो काकूंना लागू असता, तरी अपील काकूंकडेच करावं लागलं असतं.