नानांचं पाणी

मासा पाळायचा म्हटल्यावर माणूस आधी मासा आणतो. नानांनी आधी रजिस्टर आणलं.

नाना मूळचे मालवणचे. ऑडिट खात्यात जयपूरला आले, लेकीला इथलंच सासर मिळालं आणि निवृत्तीनंतर मानसरोवरातच राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांचे जमाखर्च तपासून त्यांचा एक ठाम सिद्धांत झाला आहे : घाई तो करतो, ज्याला काहीतरी लपवायचं असतं. नातवाने फायटर मासा मागितला तेव्हा नाना म्हणाले, ''आणू. पण आधी पाणी.''

पंचवीस लिटरची टाकी आली. तळाला माती, वर रेती. एका लाकडाच्या तुकड्यावर नानांनी जावा फर्न पांढऱ्या दोऱ्याने बांधलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दोऱ्याचं टोक दातात, आणि काकूंनी गाठीवर बोट धरलेलं. या झाडाचा आडवा कंद रेतीत पुरला तर कुजतो, म्हणून ते असं लाकडाला बांधून ठेवायचं. काकूंनी पापडांच्या डब्यालाही इतका दोरा कधी गुंडाळला नसेल.

मग दगड. दगडांसाठी जयपुरात हिंडावं लागतं यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण नाना हिंडले. संगमरवर चुन्याचा, पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाणी जड करतो, आणि फायटरला लागतं हलकं पाणी. नाना खजानेवालों का रास्ता इथल्या मूर्तिकारांच्या गल्लीत गेले, एका दुकानापुढच्या ढिगातली मकराण्याची एक चीप उचलली आणि खिशातून व्हिनेगरची बाटली काढून तिच्यावर चार थेंब सोडले. दगडावर बारीक फेस आला. आत गणपतीच्या सोंडेला पॉलिश करणारा कारागीर हातातलं काम टाकून बाहेर आला.

''बाबूजी, यो कांई कर र्या छो?''

''फेल,'' नाना म्हणाले आणि चीप जागेवर ठेवली. ताजमहाल ज्या दगडाचा बांधला, तो दगड आमच्या नानांनी भर बाजारात नापास केला. पास झाले ते शेजारच्या बांधकामावरच्या ढिगातले चार गोटे. त्यांचे पैसे कुणी घेईना, याचाच नानांना जास्त त्रास झाला. पावतीशिवाय वस्तू घरात आली.

पाण्याचंही तसंच. नळाला बिसलपूर धरणाचं पाणी येतं, त्यात क्लोरीन. सोसायटीच्या बोअरचं इतकं जड की गिझरच्या कॉइलवर पुटं चढतात. आरओचं अगदीच कोरं, त्यात क्षार नावाला नाहीत. नानांनी तिन्हींचे नमुने बाटल्यांत भरून लेबलं लावली आणि मिसळण्याचं प्रमाण ठरवलं. दादरला भाच्याच्या लग्नाला गेले, तेव्हा येताना पिशवीत सोलं, कुळथाचं पीठ आणि देशी बदामाचा वाळका पाला. तो पाला पाण्यात टाकला की पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं आणि किंचित आम्ल होतं. सयामच्या भातखाचरांतून आलेल्या माशाला ते मानवतं.

एवढं झाल्यावर मासा यावा, अशी कुणाचीही समजूत होईल. पण माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी. नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी आणि झाडांच्या उपयोगाचं. या जीवाणूंची वसाहत बसायला चारसहा आठवडे जातात, आणि तोवर त्यांनाही खायला लागतं. म्हणून नाना रोज सकाळी अंघोळ करून, मासा नसलेल्या टाकीत चिमूटभर माशाचं खाणं टाकत. पाहुणे टाकीत वाकून वाकून बघत, आणि काही दिसलं नाही की आपलीच नजर अधू झाली असं समजून ''वा, छान आहे'' म्हणत.

रजिस्टरातला शेरा मी स्वतः वाचला आहे : 'नायट्राइट थकीत. पाठपुरावा चालू.' झाडांबरोबर एक गोगलगाय आली, तिची नोंद 'विनापरवाना रहिवासी'.

समोरच्या जैन भाभींनी एकदा घाबरत घाबरत विचारलं, ''पालोगे ही ना?'' काकूंनी हो म्हटलं. मला मात्र हळूच म्हणाल्या, ''आमच्याकडे मासा घरात आला की तासाभरात ताटात. ह्यांनी पयल्यांदाच जिवंत माशाची काळजी केली, आणि तो अजून आलाच नाय.''

शेवटी नायट्राइट शून्यावर आलं आणि नाना मला घेऊन दुकानात गेले. फळीवर प्लास्टिकच्या पेल्यांत फायटर ओळीने मांडलेले. दुकानदार म्हणाला, ''इसको कुछ नहीं चाहिए बाबूजी, कटोरी में भी जी लेगा.'' आता झालं, मी मनात म्हटलं.

नानांनी त्याला समजावलं, की हा मासा वर येऊन थेट हवा घेतो म्हणून कमी पाण्यात मरत नाही, पण न मरणं म्हणजे राहणं नव्हे. दुकानदार हसला. मग नानांनी ठेवणीतलं काढलं. ''राजस्थान ने २०१४ में ऊँट को राज्यपशु बनाया. थायलंड ने २०१९ में इसको राष्ट्रीय जलचर बनाया. ऊँट को कटोरी में रखोगे?''

''ऊँट हम रखते नहीं,'' दुकानदार म्हणाला.

पेल्यांची पाहणी तासभर चालली. शेपटीचे पर, खवले, डोळे. बोट दाखवल्यावर गालफडं फुगवतो की नाही. एक निळा मासा नानांवर असा तुटून पडला की नाना दोन पावलं मागे सरले. तोच घेतला. ''आक्षेप घेणारा आहे,'' ते कौतुकाने म्हणाले.

आता नानांना त्रास हवेचा. मे महिन्यात पाणी तापतं म्हणून पृष्ठभागावर छोटा पंखा. पंख्याने पाणी उडतं. उडालेल्या पाण्याचे क्षार मागे राहतात, म्हणून भर घालायची ती आरओचीच. डिसेंबरात हीटर. वीज गेली की टाकीला नानांचा कांबळा, नाना स्वेटरवर.

मासा रुळला आणि एका सकाळी पाण्यावर तरंगत्या पानाखाली बारीक बुडबुड्यांचा थर दिसला. नानांनी अमोनिया तपासला, पीएच तपासला; सगळं जागच्या जागी. मग पुस्तकात सापडलं : नर तोंडाने बुडबुडे सोडून अंड्यांसाठी घरटं करतो, मादी आसपास नसली तरी. रजिस्टरात त्याला रकाना नव्हता. नाना पेन धरून उभे.

काकू चहा घेऊन आल्या, टाकीत डोकावल्या.

''बायलेचो पत्तो नाय आणि हो घर बांधून बसलो. तुमच्याच वळणार गेलो.''

''मग त्यात चूक काय आहे?'' नाना म्हणाले, आणि पट्टी घेऊन नवा रकाना आखू लागले.