अठ्ठावीस बाय दीड

महाडजवळच्या नाते गावात रायगडच्या रस्त्याला लागून एक घर आहे. त्याच्या पडवीत वाशाला सायकल टांगलेली आहे. सायकल म्हणजे निम्मी सायकल. पाहुणा आला की नाना आधी तांब्या-भांडं पुढे करतात आणि मग वर बोट दाखवतात, "झालीच आहे. थोडं राहिलंय." हे थोडं सहा वर्षं राहिलेलं आहे. दसऱ्याला झेंडूचा हार मात्र तिला वेळेवर पडतो.

नाना एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कुणी बाग लावतं, कुणी भाऊबंदांवर दावा लावतं. नानांनी सायकल जुळवायला घेतली. तयार घ्यायची नाही, हा पण. चोवीस इंची फ्रेम भंगारातून किलोवर आणली, ब्रूक्सची चामडी सीट पुण्याच्या जुन्या बाजारातून. सीटची किंमत घरी निम्मीच सांगितली, ती काकूंनी चहा गाळता गाळता पकडली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ साली याच गावात जन्मले. काकूंना ते पाठ आहे. "त्या माणसाच्या गावात राहून असला हिशेब देता?"

चाकं मात्र पाहण्यासारखी. अठ्ठावीस बाय दीडचीच हवीत. पुढच्याला बत्तीस स्पोक, मागच्याला चाळीस. सगळे हाताने ओवलेले. आऊट काढायला बसले की नाना रेडिओ बंद करायला लावतात. रिमला खडू टेकवायचा, चाक फिरवायचं, जिथे रेघ उमटेल तिथली निपल पाव आटा फिरवायची. मग एकेक स्पोक नखाने छेडून कान लावायचा. आमच्या भजनी मंडळाचा पखवाजही इतका मन लावून कुणी लावत नाही. चाक एकदाचं सरळ होतं तोवर जून उजाडतो. महाडच्या पावसात लोखंडाला गंजायला निमित्त लागत नाही. चार महिने खोबरेल चोळण्यात जातात आणि दिवाळीत नाना सगळं पुन्हा उघडतात.

हात रिकामे असले की तोंड चालतं. १८१७ साली जर्मनीत ड्राइसने दुचाकी केली, तिला पॅडलच नव्हतं, पायाने जमीन रेटत जायचं. १८८५ साली स्टार्लीने रोव्हर काढली, दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन. "तीच आजची सायकल. पुढचं सगळं नटणं." १८८८ साली डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला; हा डनलॉप गुरांचा डॉक्टर. म्हैस तपासायला आलेल्या डॉक्टरांना नानांनी गोठ्यातच गाठलं. "तुमच्यातलाच होता तो. तुम्ही काय केलंत?" डॉक्टर बिचारे कोपरापर्यंत म्हशीत.

रविवारी पुण्या-मुंबईची पोरं हलक्या कार्बनच्या सायकलींवरून गडाकडे जातात. नाना त्यांना चहाला थांबवतात आणि त्यांच्या सायकलीभोवती वधूपरीक्षेसारखी फेरी मारतात. "मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटीसुद्धा नाही. मग एवढे पैसे दिलेत कशाचे?" पावसाळ्यात त्या पोरांच्या पाठीवर मानेपर्यंत लाल चिखलाचा पट्टा असतो, तेव्हा या प्रश्नाला उत्तर सुचत नाही.

एकदा त्यांनी १९२३ साली मुंबईहून सायकलवर निघालेल्या पारशी तरुणांची गोष्ट काढली. निघाले सहा, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे जगाला वळसा घालून १९२८ मध्ये परतले. नानांचा आवाज भरून आला. काकू तांदूळ निवडत होत्या. "पाच वर्षांच्या आत पृथ्वी झाली त्यांची. तुमची सहा वर्षांत पडवी नाही सुटली."

नाना चिडले नाहीत. सायकल उतरली की पहिली फेरी पाचाडला, जिजाऊंच्या समाधीपर्यंत, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं. पुढचा रस्ता चढाचा, नाना अडुसष्टचे आणि गुडघ्यांबद्दल डॉक्टर (माणसांचे) दोनदा बोललेत. मी काकूंकडे पाहिलं. त्या तांदळातच पाहत होत्या.

सध्या तीन गिअरच्या स्टर्मी-आर्चर हबचा खटका तेवढा अडला आहे. कुणाच्या माळ्यावर पडला असेल तर जरूर आणून द्या. घर कुणीही दाखवेल. नाना चहा पाजतील, स्टार्लीपासून सुरुवात करतील. निघताना काकू फाटकापर्यंत येतील आणि हळूच म्हणतील, "पुढच्या वेळी काही सापडलं ना, तर एवढी घाई नको हो करायला."