वेबसाइटवर पोट भरतं का?

"काय गं शुभदा, मंदाताईंचा निनाद नोकरी सोडतोय म्हणे? वेबसाइटवर जगणार?"

"तुमच्यापर्यंत आलं का काकू? अर्धंच खरं आहे. वेबसाइट आहे, पण नोकरी मंदाताई सोडू देत नाहीयेत. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली ना, तेव्हा त्याची चांदी झाली. 'हप्ता कधी जमा होणार', 'अर्ज का बाद झाला', दिवसाला चार-चार लेख. तेव्हाच तर तो डबल डोअरचा फ्रिज आला."

"अगं बाई! मला वाटलं, बोनस मिळाला. पण वाचणारा तर फुकट वाचतो, मग फ्रिज कुठून येतो?"

"जाहिरातींतून. गूगलचं ॲडसेन्स २००३ पासूनच आहे, मराठी पानांना २०१८ मध्ये लागू झालं. जाहिरातदाराच्या १०० रुपयांतले साधारण ६८ साइटवाल्याचे. पूर्वी मुख्यतः क्लिकचे पैसे मिळायचे, २०२४ पासून जाहिरात किती वेळा दिसली त्यावर हिशेब."

"मग घरच्यांनीच बसून पानं उघडत राहायचं की!"

"मंदाताई तेच भिशीत सांगायला निघाल्या होत्या, 'रोज दोन-दोनदा उघडा गं.' निनादने हात जोडले. असलं काही पकडलं गेलं तर खातंच बंद होऊ शकतं."

"आणि आता काय मिळतं त्याला?"

"हजार वेळा पान उघडलं तर पन्नासेक रुपये. त्यातही १०० डॉलर साठल्याशिवाय बँकेत दमडी येत नाही. म्हणजे धरा पावणेदोन लाख वेळा पान उघडायला हवं."

"अख्खा तालुका कामाला लावावा लागेल की!"

"ना! आणि वाचणारेच आटलेत. गूगलवर काही विचारलं की आता एआय वरच उत्तर लिहून देतं. आपल्याकडे इंग्रजी-हिंदीत ऑगस्ट २०२४ ला सुरू झालं ते. हप्त्याची तारीख वरच दिसली, तर खाली कोण कशाला जाईल? शिवाय तीच तारीख शंभर जणांनी छापलेली."

"मी तर आता जातच नाही त्या पानांवर. परवा डाळिंब्यांची उसळ बघत होते. वाल सोलून होतात न होतात तोच विम्याची जाहिरात आली. ती घालवायची फुली एवढीशी की चष्मा लावूनही बोट जाहिरातीवरच पडलं. तोवर इकडे फोडणी करपली."

"विमा, कर्ज यांचाच भाव जास्त, काकू. दिवाळीच्या तोंडावर सगळ्याच जाहिराती वधारतात आणि जानेवारीत आपटतात. त्या भरवशावर घराचा हप्ता कसा भरायचा?"

"म्हणजे धंदा बुडाला म्हण."

"तसंही नाही. त्याची बायको बघा. प्राजक्ताचं माहेर तासगावचं, घरची द्राक्षबाग. ती बँकेतून आली की स्वतःच्या साइटवर बागेबद्दल लिहिते. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी रोग आला, तर पानावरचे तेलकट डाग आणि मागची पांढरी बुरशी, दोन्हींचे फोटो. शिवाय काय फवारलं, एकरी किती खर्च आला, कुठलं औषध वाया गेलं, सगळं हिशेबासकट."

"वाचतं कोण ते?"

"थोडेच, पण बागायतदार. साइटचं नाव टाकून थेट येतात, गूगलवर शोधत नाहीत. त्यामुळे ठिबकच्या दुकानदाराने सरळ तिच्याशीच महिन्याची जाहिरात ठरवली. मध्ये कुणाची कापाकापी नाही. निनादला पावणेदोन लाख वेळा पान उघडल्यावर जे मिळतं, त्याहून जास्त तिला त्या एका दुकानातून येतं."

"बरोबरच आहे. तिच्या शिवारातलं दुसऱ्याला कुठून ठाऊक असणार? हा मात्र सरकारचीच तारीख लोकांना सांगतोय."

"तेच तर! जाहिरातीचे पैसे अजून मिळतात, पण ज्याच्याकडे स्वतःचं काही सांगण्यासारखं आहे त्याला."

"मग मंदाताईंना सांग की, मुलाला नोकरी सोडू देत नाही ते बरोबरच, सोडायचीच तर सुनेने सोडावी."

"ते तुम्हीच सांगा काकू. मला अजून पंधरा-वीस वर्षं इथे शेजारी राहायचंय!"