मी शिकवून राह्यलो

गिला वडा खाणाऱ्याच्या पाया कुणी पडू नये. एका हातात प्लेट, दुसऱ्यात चमचा, मिशीला दही. आशीर्वादासाठी तिसरा हात आणायचा कुठून? मागच्या रविवारी राजकमल चौकाजवळच्या गाडीवर एक चाळिशीचा गृहस्थ असाच अचानक वाकला आणि मी त्याला कोपरानं आशीर्वाद दिला.

"सर, ओळखलं नसान तुमी. तुमच्याच्यानं इंग्रजी समजली जी आमाले!"

निवृत्त प्राध्यापकाला असलं वाक्य म्हणजे महागाई भत्त्याची थकबाकी. रक्कम किरकोळ, पण डोळे तिच्याकडेच लागलेले. गाडीवर आणखी सहा-सात गिऱ्हाइकं होती, म्हणून मी आवाज थोडा चढवून विचारलं, "असं का? कोणता तास आठवतो तुला?"

मनातल्या मनात मी उत्तर ठरवून टाकलं होतं. माझा हुकमी तास एकच, डॅफोडिल्सचा. वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी यांना ती फुलं दिसली 15 एप्रिल 1802 रोजी. तिनं डायरीत लिहून ठेवलंय. आणि आपले सुरेश भट अमरावतीत जन्मले 15 एप्रिल 1932 रोजी. बरोब्बर 130 वर्षांनी! हा योगायोग मी स्वतः शोधला होता आणि 31 वर्षं दर वर्षी नव्यानं सापडल्यासारखा सांगत होतो. सांगून झाल्यावर खिडकीबाहेर बघत टाळ्यांसाठी जागा सोडायचो. त्या जागेत मागच्या बाकावरून एक प्रश्न यायचा, "सर, हे परीक्षेले येते का?"

पुढं खापर्ड्यांचा नंबर. टिळकांचे स्नेही दादासाहेब खापर्डे रोजनिशी इंग्रजीत लिहीत. मग पंजाबराव देशमुख, पापळसारख्या गावातून थेट ऑक्सफर्ड आणि तिथं वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर डॉक्टरेट. या यादीच्या शेवटी मी किंचित थांबत असे. पुढचं नाव पोरांनी आपापल्या मनात घ्यावं, अशी अपेक्षा असे.

"ते राह्यलोवालं, सर," गृहस्थ म्हणाला. "तो तास नाई भुललो मी. बाकीचं काई आठवत नाई."

आता एक कबुली. 31 वर्षांतला नेमका तेवढाच तास माझा नव्हता.

तो अकोल्याच्या आमच्या सरांचा. आम्हाला इंग्रजी पाचवीत भेटली, तीही मे महिन्यातल्या पाहुण्यासारखी. आली कशाला आणि जाणार कधी, एवढेच प्रश्न. सर पांढरं धोतर नेसून वर्गात आले आणि म्हणाले, "पोट्टेहो, टेन्सले भ्याचं नाई. पुण्याच्या पोराले ते जड जाते. तुमच्या त घरातच आहे."

आणि फळ्यावर दोन ओळी. आय ईट, मी खातो. आय ॲम ईटिंग, मी खाऊन राह्यलो. "पाहा. इंग्रज 'इंग' लावते, आपण 'राह्यलो' लावतो. त्यानं आपलंच उचललं का आपण त्याचं, ते मले माईत नाई."

यावर मी आजही तासभर बोलू शकतो आणि घरचे उठून जाईपर्यंत बोलतोच. विचार करा, पुस्तकी मराठीत 'मी खात आहे' म्हणणारा माणूस खरोखर खात असतो का? तो निवेदन सादर करत असतो. 'खाऊन राह्यलो' म्हणणाऱ्याच्या तोंडात घास असतो. आय वॉज ईटिंग? खाऊन राह्यलो होतो. आय हॅव बीन ईटिंग सिन्स मॉर्निंग? सकाळपासून खाऊनच राह्यलो. हा 'च' म्हणजे अख्खा परफेक्ट कंटिन्युअस! ज्या काळापायी पोरं परीक्षेत आडवी होतात, तो आमची आजी लुगड्याच्या ओच्यात बांधून हिंडत होती. एका पोरानं मात्र सरांना अडवलंच. "सर, आय विल बी ईटिंगचं काय? खाऊन राह्यलो राहीन?" सरांनी खडू खाली ठेवला. "भविष्याचं आपल्याले कधी जमलंच नाई, बापा. कपाशीवाल्याले विचार."

पूर्ण भूतकाळासाठी त्यांच्याकडे निराळा मसाला होता. रेन अँड मार्टिनच्या व्याकरणातले हे रेनसाहेब, ते एरवी कादंबऱ्या लिहीत. 1924 सालच्या 'बो जेस्ट'मध्ये सहारातला एक किल्ला आहे. मदतीची तुकडी पोचते, तर तटावर जागोजागी बंदूक रोखलेले शिपाई. हाक मारावी तर उत्तर नाही. सर आवाज खाली आणत, वर्गातला पंखासुद्धा दबकून फिरतोय असं वाटे. "सारेच मेलेले. तुकडी आली, पण ते आधीच मेले होते. हॅड डाइड. हे 'हॅड' कायले लागते, समजलं?" त्या रात्री मला झोप आली नाही. पास्ट परफेक्ट मात्र पक्का झाला तो कायमचा.

सरांच्या पद्धतीला एक भोक होतं. आम्ही 'मले समजून राह्यलं' म्हणतो, मग इंग्रजीत काय होणार? आय ॲम अंडरस्टँडिंग. सरांना हे ठाऊक होतं, आणि ते म्हणत, "इथं इंग्रज आपल्यावानी नाई. त्याले एकदा समजलं का तो थांबते." हा अपवाद सांगितला त्या दिवशी मी गोवरानं घरी होतो.

ते भोक उघडं पडलं पुण्यात, एम.ए.च्या प्रवेशाच्या मुलाखतीत. तीन परीक्षकांपुढे मी नम्रपणे म्हणालो, "आय ॲम अंडरस्टँडिंग, सर." तिघं हसले. दुष्टपणानं नव्हे, तसे हसले असते तर बरं झालं असतं. वसतिगृहात पहिल्या रात्री मी म्हटलं, "जेवून राह्यलो," तर खोलीतला मुलगा म्हणाला, "जेवून कुठे राहिलास?" वऱ्हाडचा आहे म्हटलं तर "कुणाकडचं, मुलाकडचं की मुलीकडचं?" गंमत म्हणजे याच मुलाच्या टेबलावर उद्धव शेळक्यांची 'धग' होती आणि त्यातली बोली त्याला फार अस्सल वाटायची. पुस्तकातली कौतिक बोलली की वाङ्मय, मी बोललो की विनोद.

आठवड्याभरात मी 'राह्यलो' सोडला. दिवाळीत घरी आलो आणि आई म्हणाली, "काय करून राह्यला?" मी म्हटलं, "वाचतोय." आईनं पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "चहा घ्याल का?"

तिनं ते हसण्यावारी नेलं. सरांनी नेलं नाही.

1990 च्या सुमारास सर एसटीनं अकोल्याहून अमरावतीला माझ्या घरी आले, हातात तुरीच्या सोल्यांची पिशवी. बैठकीत माझे दोन सहकारी होते, चर्चा इलियटवर होती. सर दारातूनच म्हणाले, "काऊन बापू, काय लिहून राह्यला?" मी सहकाऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणालो, "एक शोधनिबंध लिहितोय, सर." 'लिहितोय'चा य मी जरा जास्तच स्वच्छ उच्चारला. सरांनी बशीत ओतलेला चहा पुन्हा कपात ओतला. मग म्हणाले, "छान. आपलं लेखन पूर्ण झालं की मला अवश्य दाखवा."

पाचवीपासून त्यांनी मला 'आपण' म्हटलं नव्हतं. त्यानंतर दुसरं काही म्हटलं नाही. दर संक्रांतीला पोस्टकार्ड येई, अक्षर तेच, फळ्यावरचं, आणि मजकूर एखाद्या कार्यालयानं पाठवावा तसा: आपण कुशल असाल. निबंध मी त्यांना दाखवला नाही. त्यात आम्हा दोघांना आवडेल असं एकही वाक्य नव्हतं.

ते गेल्यावर मी 'राह्यलो'चा तास घ्यायला लागलो. प्रायश्चित्त वगैरे नाही; पोरं झोपत होती आणि त्या तासाला जागी राहत. वर्षातून एकदाच घ्यायचो, फळ्यावर सरांच्याच त्या दोन ओळी लिहून. सरांचं नाव दर वर्षी घ्यायचं ठरवायचो आणि दर वर्षी घंटा व्हायची.

राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आली. आता माझ्या नातीच्या शाळेत मराठी बोललं तर दहा रुपये दंड आहे. परवा ती कपाटामागं जाऊन आजीशी कुजबुजत होती. पोरीनं चोरून मातृभाषा बोलावी, आणि आपण दर महिन्याला त्या शाळेची फी भरावी! माझा संताप इतका अनावर झाला की मी मुख्याध्यापकांना कडक पत्र लिहिलं. पाठवताना लक्षात आलं, इंग्रजीत लिहिलंय. छान उतरलं होतं, म्हणून तसंच पाठवलं.

"मी पण मास्तर आहो सर, जिल्हा परिषदेत. मूर्तिजापूरकडे," गृहस्थ सांगत होता. "दर साली तुमचा तो तास घेतो. पोट्टे हासून हासून शिकतात. पण ते आय ॲम अंडरस्टँडिंगचं काय सांगाचं जी? सारे तसंच म्हणतात."

मी त्याला सांगितलं, इंग्रजाला एकदा समजलं की तो थांबतो. त्यानं मांडीवर थाप मारली. मग गाडीवाल्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाऊ, हे आमचे सर. राह्यलोवालं यायनंच काढलं. यायले अजून एक प्लेट लाव."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. अकोला हा शब्द जिभेवर होता.

तेवढ्यात प्लेट आली. दही थंडगार होतं, वर मिरची बेताची. मी तीही खाल्ली. पैसे त्यानंच दिले.