गोळीवाले नाना

कर्जत-खालापूरच्या भातपट्ट्यात चार गावं पालथी घातली की एखादे नाना भेटतातच. चहा बशीभर, साखर नावाला आणि काडेपेटीतल्या काड्या मोजलेल्या. एरवी गाव त्यांना चिकट म्हणतं. पण आषाढात लावणी लागली की त्याच चिकटपणाचं शास्त्र होतं.

डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री भातलागवड आपल्याचसाठी निघाली, अशी नानांची खात्री. पहिल्या सूत्रातली तुसाची राख नि पेंढा घरचा, दुसऱ्यातला गिरिपुष्पाचा पाला बांधावरचा. तिसऱ्यात खुणांच्या दोरीवर 15-25 सेंटिमीटरनं लावणी, म्हणजे रोपंही थोडकी. विकतचं काय ते चौथं सूत्र: युरिया आणि डीएपी 60:40 प्रमाणात दाबून केलेली 2.7 ग्रॅमची गोळी. चार चुडांच्या मधोमध एक, सात ते दहा सेंटिमीटर खोल, गुंठ्याला 625. लावणाऱ्या बायकांच्या मागून नाना ओणवे चालतात. गोळ्या खोचताना नानीनं चुकून दोन खोचल्या, तर मनगटापर्यंत हात घालून एक उपसून काढतात. "अगं, जावयाला वाढतेस काय?"

वरच्या खाचरात पुतण्या डीएपी उधळतो तो लग्नातल्या अक्षतांसारखा. नानांचा जीव तुटतो.

"अरे, डीएपीतलं स्फुरद नत्रासारखं भटकं नाही. माझ्यासारखं आहे, पडलं तिथून हलत नाही. आपल्या तांबड्या आम्ल मातीतलं लोह नि ॲल्युमिनियम त्याला धरून बसतं. मुळाच्या तोंडाशी ठेव की!"

"गोळ्या खोचायला मजुरी कोण देणार, नाना?"

प्रश्न खरा आहे. गोळीचं घोडं बऱ्याच ठिकाणी तिथंच अडतं. नानांकडे अडत नाही, कारण खोचायला स्वतः नाना, नानी आणि गावी आलेला नातू.

मुसळधार पावसात पुतण्याचं खत गढूळ पाण्याबरोबर बांधावरून नानांच्या खाचरात उतरतं. बांध उंच कर, असं मात्र नाना त्याला कधी सांगत नाहीत.

यंदा पुतण्याच गोळ्या मागायला आला, दोन गुंठ्यांपुरत्या. नानांनी ओटीवर बसून 1250 मोजल्या. एक फुटकी निघाली. "भुगाही खतच" म्हणून तीही हिशेबात धरली. आणि तो पायरी उतरत असताना मागून ओरडले, "पिशवी संध्याकाळी परत आण रे!"