नवे मामा

सरकारी रुग्णालयात कक्षसेवक म्हणून चिकटलेल्या पोराला अजून मिसरूडही नीट फुटलेलं नसतं. पण पहिल्याच सकाळी खाटेवरून सत्तरीची आजी हाक मारते, "ओ मामा, पंखा तेवढा वाढवा की!" पोरगं मागं वळून बघतं. मागं कोणीच नसतं. वॉर्डात काम करणारा पुरुष तो मामा आणि बाई ती मावशी. जन्मतारखेचा दाखला कोणी मागत नाही. रक्त पाहिलं की आपल्याला घेरी येते, हे लिहायला अर्जात रकाना नव्हता, म्हणून तेही राहूनच गेलेलं.

शिकवणी मावशींकडं. कित्येक अधीक्षक आले नि बदलून गेले, मावशी तिथंच आहेत. "पेशंटचे पाय पुढं, डोकं आपल्याकडं. तोंड दिसत राहिलं पाहिजे. रॅम्प चढायचा असला की उलटं." मामा मान डोलावतात. अडचण एवढीच, की एक्स-रे उजवीकडं आणि स्ट्रेचरच्या एका चाकाचा जीव डावीकडच्या कँटीनमध्ये.

मग कचरा. रक्ताळलेला बोळा पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी लाल, काचेची बाटली निळ्या खोक्यात, सुई पांढऱ्या डब्यात. 2016च्या नियमांत हे सगळं लिहिलेलं आहे आणि भिंतीवर तक्ताही आहे. मामा तो पाठ करतात. तेवढ्यात कोणा नातेवाइकानं टाकलेली केळ्याची साल सापडते. मामा विचार करतात, रंग जुळवतात आणि पिवळ्या पिशवीत टाकतात.

"केळं काय ऑपरेशन करून काढलंय का रे?" हे मावशींचं वाक्य संध्याकाळपर्यंत तीन मजले फिरून येतं.

डॉक्टरांचा राउंड वाऱ्यासारखा निघून जातो. मागं सापडतात ते मामा. "बरे होतील ना हो आमचे?" सुरुवातीला मामा खरं बोलतात: "मला काय माहीत?" त्यावर नातेवाईक भडकतात. महिनाभरात मामांना सूर सापडतो. "ही सलाईन संपू द्या, मग बघू." डॉक्टरही हेच म्हणाले होते, मामांच्या तोंडून ऐकलं की माणसं निदान चहाला तरी जातात. हे काम पगारात धरलेलं नाही, पण वॉर्ड त्यावरच चालतो, असं मला वाटतं.

दिवाळीला मामा गावी जातात. शेजारचे काका गुडघ्याची फिल्म घेऊन हजर. मामा ती खिडकीच्या उजेडात धरतात, तिरकी करतात, पुन्हा सरळ करतात. सगळं घर गप्प.

"हाडं आहेत," मामा सांगतात.